आधी रेशनकार्ड, मग पोटगी

नवऱ्याने सोडलेली बाई समुपदेशन केंद्रात आली की आपले नोंदपत्रक ठरलेल्या वाटेने जाते: लग्नाची तारीख, मुले, मारहाण, तडजोडीची शक्यता, शेवटी पोटगी. काल रात्री ती स्वतः काय जेवली, हा प्रश्न त्यात सहसा नसतो. विचारला तरी उत्तर सरळ येत नाही. "माझा गुरुवार असतो", "चतुर्थी होती", "हल्ली भूकच लागत नाही". उपवास म्हटला की पुढे कोणी विचारत नाही, हे तिला पक्के ठाऊक असते. मुलांचे ताट भरलेले आणि आईचे उपवासाचे वार वाढत चाललेले दिसले, तर श्रद्धेचा मामला म्हणून तो रकाना सोडू नये.

विधवेकडे निदान मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे न्यायालयाचा हुकूम. परित्यक्तेकडे दाखवायला कागदच नसतो. आणि २०११च्या जनगणनेत देशात घटस्फोटित स्त्रिया सुमारे ९ लाख, तर विभक्त राहणाऱ्या सुमारे २३ लाख होत्या.

खरी गाठ रेशनकार्डात आहे. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख केले. चांगलेच केले, पण एकत्र कुटुंबात ती ज्येष्ठ स्त्री म्हणजे सासू. सून दोन मुलांना घेऊन माहेरी किंवा भाड्याच्या खोलीत आली, तरी प्राधान्य गटाच्या हिशेबाने तिघांचे महिन्याचे १५ किलो धान्य सासूच्याच कार्डावर राहते. नवे कार्ड मागितले तर जुन्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणा म्हणतात, आणि सासरची माणसे अर्जावर सही द्यायला तयार नसतात. दाखला मिळालाच, तर पुरवठा शाखेत उत्तर येते, इष्टांक शिल्लक नाही. इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, अजून २०११च्याच लोकसंख्येवर बेतलेला आहे. म्हणून नवे नाव लागण्याची खात्री होण्याआधी जुने कमी करवून घेण्याची घाई नको. नाहीतर ती दोन्हीकडून जाते. मधल्या काळासाठी 'एक देश, एक रेशनकार्ड'ची सोय आहे. आधार जोडलेले असेल तर कार्डावरचा कोणताही सदस्य दुसऱ्या गावच्या दुकानातही अंगठा लावून धान्य उचलू शकतो. मात्र सासरने आधी सगळे उचलले, तर तो महिना गेला.

पोटगीचा दावा नको, असे कोण म्हणेल? अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदाच सांगतो. पण नोटीस बजावायलाच महिने लागतात, आणि हुकमानंतर वसुलीचा अर्ज वेगळा. प्रत्येक तारखेला खुरपणीचा रोज बुडतो. एसटीचे तिकीट आता अर्धे आहे. बुडालेला रोज कोणी भरून देत नाही.

तेव्हा पहिल्याच भेटीत रेशनकार्डाची प्रत पाहावी, कोणाचे आधार जोडले आहे ते तपासावे. ती वेगळी राहते याचा पंचनामा किंवा गृहभेटीचा अहवाल आपणच तयार करून द्यावा. निराधार एकट्या स्त्रिया अंत्योदयच्या निकषांत बसतात, हे अर्जात स्पष्ट लिहावे. तिथे कुटुंबामागे ३५ किलो मिळते. आणि तहसीलमध्ये एकेकटीचा अर्ज घेऊन जाण्याऐवजी तालुक्यातल्या सगळ्या परित्यक्तांची यादी एकदम द्यावी, पोच घ्यावी, एक प्रत जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवावी.