विश्लेषण : क्रीडा संकुल विद्यापीठात, खेळाडू परंड्यात, मधले अंतर कसे कमी होणार?

विद्यापीठाचे क्रीडा संकुल म्हटले की सिंथेटिक ट्रॅक, इनडोअर हॉल आणि जिम डोळ्यांसमोर येते. पण परंड्यातील महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूला त्याचा नेमका किती उपयोग होतो?

परंडा कोणत्या विद्यापीठात येते?
मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 1958 मध्ये झाली. 1994 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे मूळ विद्यापीठाकडे राहिले. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्रही याच विद्यापीठाच्या परिसरात आहे. परंड्यापासून हे अंतर सुमारे 200 किलोमीटर. विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवला आहे, पण परंड्याहून तिथे जायचे तरी बार्शीमार्गे प्रवास आलाच.

विद्यापीठाचे मैदान इतके महत्त्वाचे का?
महाविद्यालयीन खेळाडूची शिडी ठरलेली आहे. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठ संघ, पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. 2020 मध्ये भुवनेश्वरला पहिली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाली आणि शिडीला आणखी एक पायरी जोडली गेली. निवड चाचणी आणि सराव शिबिर बहुतेक वेळा मुख्य परिसरात होते. रोजच्या सरावाचे मैदान आणि निवडीचे मैदान वेगळे असेल, तर खेळाडू तिथेच मागे पडतो.

मातीच्या मैदानावर सराव पुरेसा नाही का?
खो-खोचेच पाहा. धाराशिव जिल्हा या खेळासाठी ओळखला जातो. इथल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मात्र मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषकही मॅटवरच झाला. मॅटवर पायाची पकड, वळण आणि सूर मारण्याचा अंदाज बदलतो. दोन दिवस आधी मॅटवर उतरून ही सवय होत नाही.

फक्त इमारत उभारून भागते का?
नाही. सिंथेटिक ट्रॅकचा पृष्ठभाग झिजतो, काही वर्षांनी तो नव्याने करावा लागतो. प्रशिक्षक, दिवे, पाणी, वसतिगृह हा खर्च दरवर्षीचा. राज्य सरकारने 2022 मध्ये क्रीडा संकुलांच्या अनुदानाची मर्यादा तालुक्यासाठी 5 कोटी, जिल्ह्यासाठी 25 कोटी आणि विभागासाठी 50 कोटी रुपये केली. पण बांधकामाचा निधी म्हणजे देखभालीचा निधी नव्हे.

मैदानामागे माणूस लागतो
पुण्यातील विद्यापीठाच्या क्रीडा संकुलाला खाशाबा जाधव यांचे नाव आहे. 1952 मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांच्याकडे पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक असे आले.

मग उपाय काय?
प्रत्येक तालुक्यात विद्यापीठाएवढे संकुल होणार नाही. पण निवड चाचण्या धाराशिवच्या उपपरिसरात घेणे, तालुक्यांत मॅट फिरती ठेवणे आणि शिबिरासाठी प्रवास व निवासाचा खर्च आधीच देणे शक्य आहे. परंड्याच्या मुलीला एसटीच्या भाड्यामुळे चाचणी चुकवावी लागत असेल, तर संकुल कितीही भव्य असले तरी ते तिच्यासाठी बंदच आहे.