दुसऱ्या क्रमांकाचा पगार आणि तिसरा टँकर

परवा ऑफिसात चहाच्या मशीनपाशी एक नवीन मुलगी भेटली. तिला डेटावाल्या टीममध्ये जायचंय. "एसक्यूएल घासतेय रे सध्या, पण हात बसत नाहीये. कशावर प्रॅक्टिस करू?" मी विचारलं, आत्ता कशावर करतेस? "तेच. एम्प आणि डेप्ट. दुसऱ्या क्रमांकाचा पगार शोधा."

हसूच आलं. मंडळी, आपल्यापैकी निम्म्या लोकांनी एसक्यूएल याच टेबलवर गिरवलंय. ओरॅकल टाकायचं, युजर स्कॉट, पासवर्ड टायगर, की समोर १४ ओळींचं एम्प टेबल हजर. किंगसाहेबांचा पगार ५०००, बिचाऱ्या स्मिथचा ८००. अजूनही इंटरव्ह्यूत तोच प्रश्न येतो आणि अजूनही आपण तेच उत्तर पाठ करून जातो.

एम्प वाईट नाही हो. त्यातल्या कमिशनच्या कॉलमने मला एक गोष्ट जन्मभराची शिकवली. १४ पैकी १० जणांचा तो रकाना रिकामा आहे. सरासरी काढली तर ५५० येते, कारण डेटाबेस रिकामे रकाने मोजतच नाही. रिकाम्याच्या जागी शून्य धरलं की तीच सरासरी १५७ वर येते. रिकामं आणि शून्य यात किती फरक असतो ते तेव्हा कळलं.

पण एम्पमधली प्रत्येक ओळ खरी असते. नावं चुकलेली नसतात, आकड्यात स्वल्पविराम अडकलेले नसतात. आणि मुख्य म्हणजे, तुमचं उत्तर चुकलं तर कुणाचंही काही बिघडत नाही. खऱ्या कामात बिघडतं. म्हणून मी तिला म्हणालो, तुझ्या सोसायटीचा हिशेब घे. मग माझी गोष्ट सांगितली. फार अभिमानाची नाहीये, पण सांगतो.

आमची पुण्यातली सोसायटी ९६ फ्लॅट्सची. खजिनदार म्हणजे बँकेतून रिटायर झालेले एक काका. मी टॅलीतून दोन वर्षांचा खर्च एक्सेलमध्ये मागितला. त्यांनी लगेच दिला, वर म्हणाले, "बघ बाबा, तुम्ही कॉम्प्युटरवाले. काही सापडलं तर सांग." रविवारी सकाळी बसलो. फाइल एसक्यूलाइटमध्ये घातली. फुकट आहे, सर्व्हर नको, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये. साधारण १७०० ओळी.

पहिला दणका लगेच बसला. रक्कम '१,२५,०००' अशी मजकूर म्हणून आली होती. तिचा आकडा करायला सांगितला की एसक्यूलाइट पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि तुमच्या हातात १ ठेवतं. एररबिरर काही नाही! सव्वा लाखाचा एक रुपया, तोही गुपचूप. म्हणून पहिला धडा: कुठलीही क्वेरी लिहिण्याआधी एकूण बेरीज ताळेबंदाशी जुळवा. ती जुळेपर्यंत बाकी काही करू नका.

मग मी बिल नंबरवर ग्रुप बाय लावला. एका ग्रुपमध्ये शेकडो ओळी! बघतो तर बिल नंबर नसलेल्या सगळ्या नोंदी डेटाबेसने एकत्र बांधल्या होत्या. आणि हाच डेटाबेस जॉइन करताना मात्र एका रिकाम्या रकान्याला दुसऱ्या रिकाम्याच्या बरोबरीचं मानत नाही.

एवढं झाल्यावर अस्सल क्वेरी लिहिली. तोच विक्रेता, तीच रक्कम, तीच तारीख, एकाहून जास्त वेळा. २३ ग्रुप आले. सगळे पाण्याच्या टँकरचे. प्रत्येकी २,२०० रुपये. जादा नोंदी ३१, म्हणजे ६८,२०० रुपये. माझ्या अंगात जणू डिटेक्टिव्ह संचारला. रात्री ११ वाजता सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर स्क्रीनशॉटसकट टाकलं: 'एकाच टँकरचे पैसे दोनदा-तीनदा दिलेले दिसतात. खुलासा व्हावा.' पुढच्या तासाभरात लोकांनी काय काय लिहिलं ते इथे सांगत नाही.

सकाळी आठला बेल वाजली. दारात काका, हातात पावत्यांची फाइल. मे महिना, बोअर आटलेली, कॉर्पोरेशनचं पाणी अर्धा तास. एका दिवशी तीन टँकर आले होते. सकाळी नऊ, दुपारी दीड, रात्री आठ. प्रत्येक पावतीवर वॉचमनची सही आणि वेळ. माझ्या टेबलमध्ये वेळेचा कॉलमच नव्हता. काका एवढंच म्हणाले, "अरे, आधी मला विचारलं असतंस तर चहा पाजून दाखवलं असतं."

ग्रुपवर माफी मागितली. पण ती किती लोकांनी वाचली? आरोप सगळ्यांनी वाचला होता.

खरी गंमत पुढे आहे. पुढचे दोन रविवार मी काकांबरोबर बसलो. नोंदी फक्त विक्रेत्यांप्रमाणे लावल्या आणि ते बोट ठेवून वाचत गेले. एका ठिकाणी थांबले. "हा आणि हा एकच माणूस." पंप जळाला तेव्हा घाईत मालकाच्या नावाने ३८,००० चा चेक दिला होता. दोन महिन्यांनी त्याच कामाचं बिल दुकानाच्या नावाने आलं, आणि १ टक्का टीडीएस कापून ३७,६२० पुन्हा दिले. नाव वेगळं, रक्कम वेगळी, तारीख वेगळी. माझ्या क्वेरीच्या तिन्ही अटींमधून ती चूक अलगद निसटली होती. म्हणजे जिथे काही नव्हतं तिथे मी बोंब मारली, आणि जिथे होतं तिथे मला दिसलं नाही.

पैसे पुढच्या बिलात वळते झाले. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत काकांनी स्वतः उभं राहून ही चूक सांगितली. खजिनदारपद मात्र परत घेतलं नाही. आता त्या खुर्चीवर बसायला कुणी तयार नाही, आणि याला मीही जबाबदार आहे.

मग हिशेब बघायचेच नाहीत का? छे! उलट जास्त बघायचे. ऑडिट झालेला ताळेबंद बघण्याचा हक्क महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ३२ ने प्रत्येक सभासदाला दिलाय. आपण तो वापरत नाही, सभेला जात नाही, आणि मग जिन्यात उभं राहून "सगळे खातात" म्हणतो. पण क्वेरीतून जे येतं तो निकाल नसतो, प्रश्न असतो. तो आधी त्या माणसाला विचारायचा ज्याने ती ओळ लिहिली, आणि मग सभेत सगळ्यांसमोर मांडायचा.

या बाबतीत मला राजस्थानातली मजदूर किसान शक्ती संघटना आठवते. १९९४ च्या डिसेंबरात त्यांनी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात जनसुनवाई घेतली. अशा सुनवायांत सरकारी कामांचे मस्टर रोल उघड्यावर मोठ्याने वाचले जायचे. ऐकणारे सांगायचे, हा माणूस तर कामावर आलाच नव्हता, हा तर कधीच वारला. कॉम्प्युटर नाही, काही नाही. कागदावरची यादी आणि गावाची आठवण यांचा जॉइन! माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यामागे ही सगळी मेहनत आहे. ओळींचा अर्थ ठाऊक असलेली माणसं समोर बसलेली होती, म्हणून ते जमलं.

सोसायटीचा हिशेब मिळत नसेल तर इंग्लंडमधल्या नगरपालिकांच्या फाइली उतरवून घ्या. ५०० पौंडांवरचा खर्च तिथे २०११ पासून जाहीर होतो. एकाच कंपनीचं नाव किती तऱ्हांनी लिहितात ते बघून डोकं धराल. सराव उत्तम होतो. फक्त तिथे पावतीची फाइल घेऊन दार वाजवणारे काका नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

ती मुलगी म्हणाली, "म्हणजे आधी सोसायटीच्या खजिनदारांकडे चहाला जायचं?"

हो. दुसऱ्या क्रमांकाचा पगार नंतर शोध.