देवनहळ्ळीत राज्य कोणाचे?



यलहंका सोडून गाडी चिक्कबळ्ळापूरकडे निघाली की वाटेत देवनहळ्ळी लागते. या मार्गावर पूर्वी नॅरोगेज होती. २००८ साली विमानतळ आला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नावाचे थांबास्थानकही झाले. परंतु हा तालुका मुळात शेतकऱ्यांचा. नाचणी, द्राक्षे, भाजीपाला, रेशमाच्या किड्यांसाठी तुती, गोठ्यात गाय आणि नावाजलेले पपनस. दुधावर घरखर्च चालतो, कोष विकले की कर्जाचा हप्ता जातो. पगाराची तारीख नसलेला हा संसार आहे.

या तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीतील (होबळी म्हणजे आपल्याकडचे महसुली मंडळ) १३ गावांची १,७७७ एकर जमीन एरोस्पेस पार्कसाठी घ्यायचे सरकारने ठरविले. घेणार कोण? कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ, १९६६ च्या कायद्याने. एप्रिल २०२२ मध्ये गावकरी धरण्यावर बसले. विरोधी पक्षनेते असताना श्री. सिद्धरामय्या यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. तेच २०२३ मध्ये मुख्यमंत्री झाले, तरी धरणे उठविण्याची वेळ आली नाही!

जून २०२५ मध्ये सरकारने सांगितले, तीन गावांची ४९५ एकर सोडतो, बाकीची घेतो. मालकाची ही चाल आपल्याला नवी नाही. एका खात्याला बढती द्यायची आणि दुसऱ्याला वाऱ्यावर सोडायचे. त्या तीन गावांनी काय केले? सुटका नाकारली. १३ च्या १३ गावे एकत्र राहिली. २५ जूनच्या मोर्चावर पोलिसांनी धरपकड केली, तेव्हा कामगार, दलित आणि महिला संघटना शेतकऱ्यांबरोबर होत्या. १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांनी भूसंपादन रद्द केल्याचे जाहीर केले. धरण्याला तोवर हजारावर दिवस झाले होते.

आता खरा प्रश्न. याच कर्नाटकात रामकृष्ण हेगडे आणि अब्दुल नझीर साब यांनी जिल्हा परिषदांना खरे अधिकार दिले, १९८७ मध्ये त्यांच्या निवडणुका झाल्या. देशभर त्याचे कौतुक झाले. मात्र २०२१ मध्ये जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत संपली आणि पुढील चार वर्षे निवडणूकच झाली नाही. म्हणजे जमिनीवर टाच आली त्या साऱ्या काळात जिल्ह्याचा कारभार अधिकाऱ्यांच्या हाती. अमेरिकेतील शेतकरी काउंटीत बहुतेक ठिकाणी शेरीफसुद्धा मतदानाने निवडतात. आपल्याकडे मत द्यायची पेटीच ठेवलेली नव्हती. म्हणून रस्ता.

आपल्यापैकी कित्येकांची गावाकडे दोन-चार एकर आहे, ती भाऊ कसतो. बंगळुरात नोकरी करणाऱ्याला हा प्रश्न परका नाही. रायगडमध्ये २००८ साली २२ गावांनी सेझविरुद्ध कौल दिला, तेव्हाही आपलीच माणसे होती.

तथापि एक मेख शिल्लक आहे. स्वखुशीने जमीन देणाऱ्याला वाढीव भाव आणि विकसित भूखंड देऊ, असेही सरकारने त्याच दिवशी सांगितले आहे. नोटीस सर्वांना एकदम येते, म्हणून सर्व एकदम उठतात. आता दलाल एकेका घरी जाईल. ज्याच्या मुलीचे लग्न ठरले आहे, ज्याची बोअर आटली आहे, त्याच्याकडे आधी.