नमुना किती वाजता घेतला?

हल्ली बेळगावच्या कॅम्पातून या स्तंभाला जे निरोप येतात, त्यांत रक्ताच्या रिपोर्टचे फोटोच जास्त असतात. कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, डीएचईए-सल्फेट, एलएच, एफएसएच अशी लांबलचक यादी असते. त्यात एका आकड्यापुढे 'एच' छापलेलं असतं आणि त्या एका अक्षरानं मुलीच्या आईची झोप उडालेली असते. माझं मत स्पष्ट आहे. नमुना किती वाजता घेतला, पाळीचा कितवा दिवस होता आणि कोणती औषधं चालू होती, हे ज्या रिपोर्टवर नाही, तो हार्मोनचा रिपोर्ट अर्धवट आहे. लॅबनं तो देऊ नये आणि डॉक्टरांनीही तसा स्वीकारू नये.

कॉर्टिसॉलचंच पाहा. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी हे हार्मोन पहाटेपासून भरभरून सोडतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्याची पातळी तळाला जाते. रिपोर्टवर छापलेली मर्यादा बहुधा सकाळी आठच्या सुमाराच्या नमुन्याची असते. दुपारी चारला रक्त दिलं तर आकडा सकाळच्या निम्म्यावर येऊ शकतो आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. रात्रपाळीवरचा जवान किंवा दवाखान्यातली नर्स दिवसा झोपते, त्यामुळे त्यांचं शरीराचं घड्याळच सरकलेलं असतं. त्यांच्या कागदावर 'सकाळी 8' लिहून भागत नाही, ड्युटीही लिहावी लागते.

बायकांच्या हार्मोनांना तर महिन्याचं घड्याळ असतं. एलएच आणि एफएसएच साधारण पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पाहतात. प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी पाहतात, कारण बीज सुटलं का हे त्यावरून कळतं. बीज सुटण्याआधी तो आकडा कमी असणं हेच नैसर्गिक आहे. तरीही 'प्रोजेस्टेरॉन फार कमी' म्हणून घाबरलेल्या मुली मला लिहितात. विचारलं तर रक्त पाळीच्या सहाव्या दिवशी दिलेलं असतं.

आपल्या सीमाभागात आणखी एक घोळ होतो. निपाणीचा माणूस एकदा कोल्हापूरला रक्त देतो, पुढच्या खेपेस बेळगावला. लेक परदेशात असेल तर तिचा रिपोर्ट तिसऱ्याच एककात येतो. टेस्टोस्टेरॉन 45 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि 1.56 नॅनोमोल प्रति लिटर हे एकच माप आहे. एकक न बघता 45 ची तुलना 1.56 शी करून लोक औषध लागू पडल्याचा आनंद मानतात. एकक सारखं असलं तरी यंत्र आणि किट बदललं की आकडा हलतो. बायकांमधलं टेस्टोस्टेरॉन मुळातच इतकं थोडं असतं की नेहमीच्या किटला ते नेमकं मोजणं जड जातं. म्हणून पुन्हा तपासायचं तर त्याच लॅबमध्ये आणि त्याच वेळेला.

शिवाय 'नॉर्मल'ची रेघ माणसांनी आखलेली असते. निरोगी लोकांपैकी 95 टक्के जिथं बसतात ती मर्यादा धरली, तर वीस निरोगी माणसांत एक बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्यांचं पॅकेज घेतलं, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के असते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं मुंबईतल्या 15 ते 24 वयाच्या मुलींची पाहणी 2014 साली प्रसिद्ध केली. एका निकषानं पीसीओएस या बीजकोशांच्या विकाराचं प्रमाण 22.5 टक्के निघालं, तर पुरुषी हार्मोनच्या वाढीचा पुरावा सक्तीचा करणाऱ्या दुसऱ्या निकषानं 10.7 टक्के. मुली त्याच होत्या. धावपटू द्युती चंदला 2014 मध्ये ज्या नियमानं बाहेर बसवलं, त्यात टेस्टोस्टेरॉनची मर्यादा 10 नॅनोमोल प्रति लिटर होती. पुरेसा पुरावा नाही म्हणून क्रीडा लवादानं 2015 मध्ये तो नियम स्थगित केला. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं पुढं काही खेळाडूंसाठी 5 आणि 2023 मध्ये 2.5 अशी रेघ आखली.

एवढं सांगूनही काही आकडे हलक्यात घेऊ नका. बाईचं टेस्टोस्टेरॉन 150-200 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर किंवा डीएचईए-सल्फेट 700 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल, काही महिन्यांतच दाढीमिशीसारखे केस आले असतील, आवाज घोगरा झाला असेल, तर गाठ नाही ना हे लगेच पाहायला हवं.

मला खरी धास्ती वाटते ती कमी आलेल्या कॉर्टिसॉलची, कारण त्याकडे कुणी पाहत नाही. गुडघेदुखीसाठी किंवा दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या जातात. कुणी गोरं होण्यासाठी स्टिरॉइडचं मलम चोपडतं. बाहेरून आयता पुरवठा होत असल्यानं अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम थांबवतात. मग एक दिवस गोळी अचानक बंद होते. उलट्या सुरू होतात, रक्तदाब पडतो, माणूस उठूही शकत नाही, आणि घरचे त्याला अशक्तपणा म्हणतात. अशा माणसानं गोळ्या मनानं बंद करू नयेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्यात. प्रेडनिसोलोन चालू असेल तर काही किट त्यालाच कॉर्टिसॉल समजतात आणि आकडा फसवा येतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं. केस गळतात म्हणून घेतलेलं बायोटिनही काही यंत्रांना चकवतं.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या लॅबचालकांना माझी विनंती आहे. फॉर्मवर वेळ, पाळीची तारीख आणि औषधं यांसाठी तीन रकाने ठेवा आणि ते रिपोर्टवरही छापा. याला फारसा खर्च नाही. तोवर वाचकांनी रक्त द्यायला जाताना गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकावीत, तोंडाला लावायच्या मलमाची ट्यूबसुद्धा.