कचेरी हलली, इमारत राहिली

सरकारी इमारत म्हटली की डोळ्यांसमोर येतो एक पिवळट ठोकळा. उचलून कुठल्याही गावात ठेवा, काही बिघडत नाही. अशाच ठोकळ्यांत कारकुनी करत माझी नोकरी चालली आहे, म्हणून लाँगमायरचे मला फार अप्रूप वाटते.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर हे राष्ट्रीय उद्यान आहे, १८९९ साली स्थापन झालेले. त्याचे मुख्यालय पूर्वी लाँगमायर येथे होते. १९२७ ते १९२९ या काळात तिथे समाजगृह, कार्यालय आणि पेट्रोल पंप बांधले गेले. हिमनदीने आणून टाकलेले गोलसर धोंडे, जाड लाकूड आणि उतरते छप्पर, अशी त्यांची घडण. ही कुणा एका साहेबाची हौस नव्हती. उद्यानातले बांधकाम भोवतालच्या निसर्गाशी जुळले पाहिजे, असे धोरण १९१८ सालीच लेखी ठरले होते. त्यातून पेट्रोल पंपसुद्धा सुटला नाही!

कोणी म्हणेल, हा ठरवून आणलेला गावंढळपणा, नुसती सजावट. मला तसे वाटत नाही. त्याच रस्त्याने वर गेले की पॅराडाइज लागते. तिथे १९७१-७२ च्या हिवाळ्यात एकूण साडेअठ्ठावीस मीटर बर्फ पडला होता. अशा जागी १९६६ साली उडत्या तबकडीसारखे आधुनिक पर्यटक केंद्र बांधले. त्याच्या छपरावरून बर्फ घसरेना, तो वितळवायला इंधन जाळावे लागे. अखेर २००८ साली नवे केंद्र उघडले, तीव्र उताराच्या छपराचे, आणि जुने पाडून टाकले. म्हणजे चाळीस वर्षे खर्च करून पुन्हा उतरत्या छपराकडेच आले. आम्हा गोव्याच्या पावसात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पुढे मुख्यालय उद्यानाबाहेर टहोमा वुड्सला गेले. कचेरी हलली की मागे उरतात जुन्या फायली आणि वाळवी, हा आपला अनुभव. लाँगमायरला तसे झाले नाही. १९८७ साली त्या तीन इमारतींना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पण त्या टिकल्या त्या केवळ पाटी लावल्यामुळे नव्हे. कार्यालयात आजही रानवाटांनी जाणाऱ्यांना माहिती मिळते, पंपावर जुन्या प्रवासाचे प्रदर्शन आहे. शेजारच्या १९१६ सालच्या पहिल्या मुख्यालयात संग्रहालय आहे.

इमारत जागेला शोभेल अशी बांधावी, हे अर्धेच शहाणपण झाले. कचेरी गेल्यावरही तिथे माणसांची ये-जा राहील हे पाहणे, हे उरलेले अर्धे.