वास गेला, विष गेले काय?

ढेकूण-झुरळांसाठी डब्यांत व रनिंग रूममध्ये औषध फवारतात. वास विरला की कामगाराने आत जावे, हा शिरस्ता आम्हाला मान्य नाही. पायरेथ्रॉइड औषधांचा वास फारसा येत नाही, पण त्यांचा अंश गाद्यांत व धुळीत राहतो. डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. तोवर ते किती श्वासांत गेले, याचा हिशेब कोणाकडे मागायचा?

पंपाने मोजकी हवा शोषक नळीतून ओढून गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासली, तर घनमीटरमागे मायक्रोग्रॅमइतका अंशही कळतो. म्हणून आमची मागणी आहे: फवारणीनंतर ठराविक तासांनी हवा मोजा, त्यावरून खोली किती वेळ बंद ठेवायची ते ठरवा, औषधाचे नाव व आकडे सूचनाफलकावर लावा. फवारणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या गळ्याजवळही ती नळी लावा. तोही आपलाच भाऊ आहे.