काजव्यांच्या दिवसांत

रोहिणी नक्षत्र लागलं की शहापूर तालुक्यात किन्हवलीकडे वारा पिसाटतो; तंबूच्या खुंट्या पुन्हा पुन्हा ठोकाव्या लागतात. तरी शनिवार-रविवारच्या मुक्कामाला लांब कशाला जायचं? डेहणे गावामागे आजोबा पर्वत उभा आहे. उतारावरच्या झाडीत वाल्मिकींचा आश्रम, लव-कुशांच्या जन्माची कथा, वाटेवर पिकलेली करवंदं. अंधार पडला की काजवे. त्यांचं लुकलुकणं म्हणजे नरांनी माद्यांना धाडलेला सांगावा. मोबाइलच्या टॉर्चने त्यात खंड पडतो. आमचं स्पष्ट मत : प्रखर उजेड आणि स्पीकर घरीच ठेवा. शेकोटीही नकोच, पाचोळा नुसता कुरकुरीत झालेला असतो.

बिबट्याची धास्ती वाटते? वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात २००९मध्ये माळशेज घाटात पट्टा बांधून सोडलेला एक बिबट्या सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून मुंबईच्या वेशीवर पोचला. वाटेत कुणा माणसाच्या वाटेला गेला नाही. योगायोगाने त्याचंही नाव ‘आजोबा’!

पाणी मात्र घरूनच न्या. इथली तानसा-भातसा धरणं मुंबईची तहान भागवतात आणि याच दिवसांत शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागलेले असतात.